पासंग

भंगाराच्या वखारीतला मोठा काटा खोटा आहे, हे त्यावर उभं राहताक्षणी त्याला कळलं. ही त्याची जुनी पद्धत होती. वजनमाप खात्याची प्रमाणित वजनं जीपच्या मागच्या भागात पेटीत असायची. ती उतरवायची, पुसायची, एकेक करून चढवायची म्हणजे सकाळ गेलीच. म्हणून त्याआधी तो स्वतः काट्यावर उभा राहायचा. बूट, चष्मा, खिशातलं पाकीट धरून बहात्तर किलो. वर्षानुवर्षं बहात्तर, जरी असा मोठा काटा बऱ्याच महिन्यांत त्याच्या वाट्याला आला नव्हता. ऑफिसात थट्टा व्हायची, की खात्याच्या वजनांना गंज चढेल, पण याला चढायचा नाही. व्यापारी त्याला पाठीमागे काटेसाहेब म्हणत आणि आता तोंडावरही म्हणू लागले होते. त्यातला तराजूचा काटा किती आणि पायात मोडणारा किती, हे तपासण्याच्या भानगडीत तो पडला नव्हता. आकडा आला सहासष्ट. तो उतरला, बूट झटकले, पुन्हा चढला. सहासष्ट. त्याला आतून एक ओळखीची थंड उकळी फुटली. भंगार विकत घेणाऱ्याचा काटा कमी दाखवतो आणि माल विकणाऱ्याचा जास्त. लबाडीलाही तिची तिची दिशा असते, आणि ही दिशा अगदी बरोबर होती.

"तुमचा काटा सहा किलो खातो," तो वखारीच्या मालकाला म्हणाला.

"काटेसाहेब, गेल्याच महिन्यात तुमच्याच ऑफिसनं सील मारलंय."

"सील काट्याला लागतं. माणसाला कुठे लागतं?"

मालकानं खांदे उडवले आणि माणसांना वजनं उतरवायला सांगितलं. पहिली वीस किलो चढली, आकडा वीस. साठ चढली, आकडा साठ. त्यानं वजनं एका कोपऱ्यात सरकवायला लावली, मग दुसऱ्या, मग बाकीच्या. काट्याखाली वाकून पाहिलं, हात घालून पाहिलं, हाताला नुसती धूळ लागली. सगळं पहिल्यापासून पुन्हा करायला लावलं. काम करणारी माणसं थांबून बघत होती. शेवटी मालक जवळ आला आणि एखाद्याची पत राखावी अशा आवाजात म्हणाला, "साहेब, काटा बरोबर आहे. तुम्हीच कमी भरलात." माणसं हसली. तोही हसला, कारण न हसण्यासारखं काही नव्हतं.

जीपमध्ये बसल्यावर त्यानं पट्ट्याला हात लावून पाहिला. पट्टा गेल्या काही महिन्यांत दोन भोकं आत गेला होता, तिसरं तर त्यानं स्वतः दाभणानं पाडलं होतं, आणि दरवेळी त्याला वाटलं होतं की हल्लीचं चामडं सैल पडतं. न्हाणीघरातला काटा कमी दाखवू लागला तेव्हा त्यानं तो उलटा करून स्प्रिंग तपासली होती आणि ‘असला माल बाजारात येतोच कसा’ असं पुटपुटत माळ्यावर फेकला होता. दवाखान्यातला काटा कमी दाखवतो हेही त्याच्या लक्षात आलं होतं, पण दवाखान्यातले काटे कुठे कोण तपासतं. दुसरा कुणी असता तर वजन उतरतंय म्हणून घाबरला असता. यानं एकामागून एक काटे गुन्हेगार ठरवले. आता तिसरा काटा, तोही सरकारी वजनांनी शहानिशा करून, तेच सांगत होता. तीन साक्षीदार एकच जबाब देत असतील तर आरोपी कोण, हे ठरवायला निरीक्षक लागत नाही. उजव्या बरगडीखाली, पण मागच्या अंगाला, जिथे धड आपला हात पोचत नाही आणि दुसऱ्याला दाखवताही येत नाही, तिथे ते दुखणं होतं. दुखणं म्हणण्याइतकंही नव्हतं. पारड्याखाली दुकानदार गिऱ्हाइकाच्या नकळत बोट टेकवतो तसं कुणीतरी आतून बोट टेकवून ठेवलं होतं. संध्याकाळी अंग कढत व्हायचं आणि सकाळी काही नसायचं. थर्मामीटरवरही त्याचा फारसा विश्वास नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्याचं पित्ताशय काढलं होतं. दुर्बिणीतून. "चार भोकं, बस," सर्जन तेव्हा म्हणाला होता, "तिसऱ्या दिवशी घरी जाल." चार भोकं हे शब्द त्याला तेव्हाच आवडले नव्हते. माणसानं दार उघडून आत यावं, काम करावं, दार लावून जावं; हे म्हणजे किल्लीच्या भोकातून घर झाडल्यासारखं. नंतर त्याला एक बाटली दाखवली होती, तीत हिरवट, लुळी पडलेली पिशवी आणि काळपट खडे. त्यानं ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली होती. हे माझंच कशावरून? एका सकाळी तीन माणसांच्या पिशव्या निघाल्या असतील तर? बायकोनं बाटली त्याच्या हातातून काढून घेतली होती. "मग काय आता तिच्यावर सील मारून मागायचं होतं का?" आणि पिशवीची नळी बंद करायला लावलेल्या दोन बारीक क्लिपा. त्या आतच राहतात, कायमच्या, काही होत नाही, असं सांगितलं होतं. काही होत नाही हे शब्द त्यानं नोकरीत इतक्यांदा ऐकले होते, की ते ऐकले की त्याचा हात आपोआप काट्याखाली जायचा.

घरचा डॉक्टर त्याला ओळखून होता. त्यानं पोट दाबून पाहिलं, पाठ ठोकून पाहिली. गॅस, मग स्नायू, मग जीपची सीट. रक्त तपासलं, त्यात थोडं काहीतरी वाढलेलं निघालं, त्यावर गोळ्या झाल्या. गोळ्या असेपर्यंत बरं वाटलं आणि संपल्यावर बोट पुन्हा जागच्या जागी आलं. "ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली," डॉक्टर म्हणाला, "त्याचा आता काय संबंध?" तेव्हा त्याच्या तोंडून गेलं, "डॉक्टर, आत पासंग राहिलाय." डॉक्टर मनापासून हसला. "काटेसाहेब, रिटायर व्हा आता." त्याला खरं म्हणजे विनोद करायचा नव्हता. जुन्या तराजूची दोन पारडी क्वचितच सारखी असतात. मग हलक्या बाजूला दांडीला एखादा खडा, शिशाचा तुकडा, चिंधीत बांधलेलं काहीबाही लटकावून तराजू समतोल करतात, तो पासंग. प्रामाणिक माणसाचा पासंग उघड्यावर लटकत असतो. लबाडाचा पारड्याच्या तळाशी मेणानं चिकटवलेला असतो आणि रोजच्या रोज थोडं थोडं खात राहतो. गिऱ्हाइकाला कधी कळत नाही; त्याला एवढंच वाटतं, की घरात आणलेलं हल्ली पुरत नाही. हे सगळं डॉक्टरला समजावून सांगायला तो तोंड उघडणार होता, पण डॉक्टरनं पुढच्या माणसाला आत बोलावलं होतं.

जन्मभर लांडगा आला म्हणत हिंडलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार, असं त्याला घरी येताना वाटलं. पण तो तसा ओरडला कधी नव्हता. त्याची रीत वेगळी होती. नोकरीला लागला तेव्हा त्याच्या पहिल्या वरिष्ठानं त्याला शिकवलं होतं, की ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न दुकानदाराला विचारायचा नाही. आधी वजन मोजून घ्यायचं, मग निरागसपणे विचारायचं, हे किती आहे हो? समोरच्यानं काय सांगितलं यापेक्षा त्यानं किती वेळ घेतला, नजर कुठे गेली, आवाज कुठे पातळ झाला, त्यात सगळं असतं. खडा टाकून पाहायचा आणि पाण्यावरच्या वर्तुळांकडे लक्ष ठेवायचं. ही विद्या इतकी उपयोगाची, की ती ऑफिसात काढून ठेवून घरी यावं असं त्याला कधी सुचलं नाही. मुलगी शाळेतून येताना कोपऱ्यावर मैत्रिणींबरोबर रेंगाळलेली दिसली, की रात्री जेवताना तो विचारायचा, आज सरळ घरी आलीस का गं? मुलगी पहिल्यांदा खोटं बोलली, दुसऱ्यांदा रडली, आणि मग शहाणी झाली. विचारलेल्या प्रश्नाला नेमकं तेवढंच खरं उत्तर देऊन ताटाकडे बघू लागली. बायकोची रीत निराळी. ती घरी कपडे शिवायची, दुरुस्त करायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. तो असं काही विचारू लागला की ती ओठांत टाचण्या धरायची. तोंडात टाचण्या असलेल्या बाईला बोलता येत नाही, यात वावगं काय? त्याला ते चातुर्य आवडायचंसुद्धा, कसलेल्या दुकानदाराचं आवडावं तसं.

वखारीतून आला त्या दिवशी त्यानं तिला विचारलं. ती कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती. तो खुर्चीत बसला, पाय पसरले, आणि हवापाण्यावर बोलावं तसं म्हणाला, "काय गं, माझ्या आत काही राहिलं असेल का? त्या ऑपरेशनचं?"

तिची कात्री थांबली. हे त्यानं टिपलं.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "तुम्हालाच माहीत."

आणि टाचण्या तोंडात गेल्या. टाचायला समोर काहीही नसताना.

तुम्हालाच माहीत. हे वाक्य घेऊन तो बरेच दिवस फिरला. दुकानादुकानांतून, जिन्यांवरून, लिफ्टमध्ये. देवालाच माहीत असं ती म्हणाली असती तर ते वाक्य नुसतं वाक्य राहिलं असतं. मला काय माहीत म्हणाली असती तरी. पण तुम्हालाच! त्यातला तो च त्याला दातात अडकल्यासारखा झाला होता. तिला काहीतरी माहीत आहे, याबद्दल त्याला शंका उरली नव्हती; बत्तीस वर्षं अशा थांबलेल्या कात्र्या पाहण्यातच गेली होती. प्रश्न एवढाच होता, की काय आणि कुणाच्या सांगण्यावरून. आजार मोठा असला की घरातले आधी बाहेर भेटतात, डॉक्टरशी दाराआड बोलतात, आणि आत येताना चेहरा बदलून येतात, हे त्यानं स्वतःच्या वडिलांच्या वेळी केलं होतं. वडील शेवटपर्यंत आपल्याला साधा खोकला आहे असं समजत होते. की समजत नव्हते? हे त्याला आजच पहिल्यांदा सुचलं. कदाचित त्यांनाही सगळं दिसत असेल, आणि ते मुलाचं मन राखायला खोकल्याचं औषध मागत असतील. ट्रॅफिकमध्ये जीप थांबली होती. बाजूच्या दुकानाच्या काचेत त्याचा गणवेश दिसत होता, नीट अंगासरशी बसलेला, खांद्यावर, बगलेत कुठे चूण नाही. गणवेश तर बरोबर बसतोय, त्यानं स्वतःला सांगितलं. म्हणजे इतकंही काही नाही.

मग मुलगी आली. ती दुसऱ्या शहरात कॉलेजात शिकवायची. सहज आले, असं म्हणाली. सहज येणाऱ्या माणसाजवळ एवढी मोठी बॅग नसते. ती हातात पुस्तक घेऊन त्याच्यासमोर बसायची आणि पान उलटायची नाही. दुसऱ्या दिवशी ती गॅलरीत फोनवर बोलत होती, आणि तो आतल्या खोलीत पडदा सारखा करत उभा होता. पडदा आधीच सारखा होता.

"नाही, आत्ता नको सांगूस," मुलगी म्हणत होती. "उगाच घाबरेल."

पडदा हातात तसाच राहिला. सापडलं, असं त्याला वाटलं, पण नोकरीत सापडलं म्हटल्यावर वाटायचं तसं बरं वाटलं नाही. मग शब्द पुन्हा तोलून पाहिला. घाबरेल म्हणाली, घाबरतील नव्हे. वडिलांबद्दल बोलत असती तर घाबरतील म्हणाली असती. लहानपणापासून तिनं त्याला अहो-जाहो केलं होतं. एकदम मोकळं वाटलं. हे मोकळेपण पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिकलं. पोरगी भाषाच शिकवते कॉलेजात. बाप पडद्याआड उभा आहे हे तिला दिसलं नसेल कशावरून? बापाला चकवायला तिनं मुद्दामच एकेरी वापरलं असेल. एवढी अक्कल तिला त्याच्याकडूनच आलेली.

"कुणाचा गं फोन?" ती आत आल्यावर त्यानं विचारलं.

"बाबा, तुम्ही ऐकलंत."

"मी पडदा सारखा करत होतो."

"मग पडद्यानं ऐकलं." ती त्याच्याजवळ बसली. "तुमच्या जावयाशी बोलत होते. मी रजा वाढवून घेतलीय, ते आईला इतक्यात सांगू नकोस म्हटलं. ती घाबरेल. आणि उद्या आपण पोटाचा स्कॅन करायला जातोय, हे तुम्हाला सांगायचंच होतं. आणखी काही तपासायचंय?"

तो हसला. तीही हसली, पण तिचा खालचा ओठ थोडा उशिरा हसला, आणि हेही त्यानं टिपलं.

स्कॅनच्या खोलीत फार थंडी होती. मशीन म्हणजे एक मोठं भोक. चार भोकांनी भागलं नाही म्हणून आता पाचवं, ज्यात अख्खा माणूस जाईल. काचेपलीकडची बाई स्पीकरवरून सांगत होती, श्वास घ्या, धरा, सोडा. पहिल्या काही वेळा तिनं ते कंटाळून सांगितलं. मग मध्येच तिचा आवाज जरा मऊ झाला. श्वास घ्या, काका. त्याआधी काका नव्हतं. आडवा पडल्या पडल्या त्याला वाटलं, आता हिला दिसलं. आपण इथे श्वास धरून पडलोय आणि पलीकडे एक अनोळखी बाई आपल्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त जाणते आहे. रस्त्यावर तराजू मांडून बसणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्याच्याकडे कशा बघायच्या, ते त्याला आठवलं. तो त्यांचं वजन तळहातावर घेऊन काही न बोलता उभा राहायचा. तो बोलेपर्यंतचा तो वेळ. त्यांच्या बाजूनं तो वेळ किती लांब असेल, याचं माप खात्याच्या पेटीत नव्हतं.

त्यांना पुन्हा त्याच सर्जनकडे पाठवण्यात आलं. सर्जन दोन वर्षांत जाड झाला होता. चांगला आठ किलोनं, त्याच्या नजरेनं आपोआप मोजलं. पडद्यावर करडं चित्र होतं. यकृताच्या मागे एक गढूळ डबकं, आणि डबक्याच्या तळाशी पांढरेशुभ्र ठिपके. मुलगी त्याच्या उजवीकडे बसली होती, बायको भिंतीशी उभी होती. बसा म्हटलं तरी बसली नव्हती.

"कॅन्सर ना?" तो म्हणाला. उत्तर माहीत असलेल्या माणसाच्या आवाजात.

"नाही," सर्जन म्हणाला. "पू आहे. आणि हे पांढरे दिसतात ते खडे. तुमचेच, पित्ताशयातले. तेव्हा तुमचं पित्ताशय फार सुजलेलं होतं. सोडवताना ते फाटलं आणि खडे पोटात सांडले. दिसले तेवढे वेचले, पोट धुऊन घेतलं. तरी एखाद-दुसरा निसटून मागे जाऊन बसतो. बहुतेकांना त्यानं जन्मात काही होत नाही. थोड्यांना होतं, महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा. तुम्ही त्या थोड्यांतले."

त्याला जे वाटलं ते वाटायला नको होतं. त्याला आनंद झाला. म्हणजे खरंच होतं. गॅस नव्हता, जीपची सीट नव्हती, मनाचे खेळ नव्हते. आत खडा होता, तळाशी चिकटवलेला, आणि त्यानं तो बरोबर ओळखला होता. त्या आनंदाच्या मागोमाग राग आला, आणि राग तर त्याच्या ओळखीचा होता. त्याला कुठे बसवायचं हे त्याला ठाऊक होतं.

"आणि हे मला सांगण्याची गरज वाटली नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

"तुम्हाला."

सर्जनचा आवाज चढला नव्हता. तो म्हणाला, "ऑपरेशनच्या संध्याकाळी मी वॉर्डात आलो होतो. तुम्ही जागे होता, उशीला टेकून बसला होता. तुमच्या मिसेस इथे, तुमच्या हाताशी उभ्या होत्या. मी म्हटलं, खडे सांडले होते, एखादा राहिलेला असू शकतो, पुढे कधी ताप आला, पाठीत दुखलं तर लगेच या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, ठीक आहे, नोंद घेतली. मला चांगलं लक्षात आहे, कारण पेशंट असं कधी बोलत नाही. मी बाहेर येऊन नर्सला सांगून हसलोही होतो. पण दुसऱ्या दिवशी शुद्धीवर पूर्ण आल्यावर पुन्हा सांगायला हवं होतं. ते राहिलं. तेवढी चूक माझी."

खोटं बोलतोय, हे त्याच्या मनात सवयीनं आलं. पण ते दारातच अडखळलं. कारण ठीक आहे, नोंद घेतली, हे वाक्य सर्जन कुठून आणणार? ते बाजारात मिळत नव्हतं. दुकानदारानं कितीही गयावया केली, घरच्या अडचणी सांगितल्या, आवाज चढवला, तरी तो शेवटी तेवढंच म्हणायचा, त्याच सुरात, आणि पाठ फिरवायचा. स्वतःची सही समोर ठेवल्यासारखं ते वाक्य त्याच्यासमोर होतं. त्यानं ती संध्याकाळ आठवायचा प्रयत्न केला. छतातला दिवा आठवला, कोरडे ओठ आठवले, ओल्या कापसाची चव. एक आवाज, जवळ येणारा आणि लांब जाणारा. शब्द एकही नाही. बत्तीस वर्षं कान टवकारून बसलेला माणूस त्या एका संध्याकाळी घरी नव्हता, आणि त्याच्या जागी बसून दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या आवाजात नोंद घेतली होती. मग त्यानं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. त्या संध्याकाळी ती त्याच्या हाताशी होती. तिनं ऐकलं होतं. थांबलेली कात्री, रिकाम्या तोंडात गेलेल्या टाचण्या. दोन वर्षं. बायको जमिनीकडे बघत होती.

दोन दिवस प्रतिजैविकं चढवून मग खडे काढायचे ठरलं. जागा अवघड आहे, सर्जन म्हणाला, यकृताला चिकटलेली, शिवाय अंगात ताकद राहिलेली नाही. जोखीम नाही असं मी म्हणणार नाही. ‘काही होत नाही’ न म्हणणारा पहिला माणूस म्हणून त्याचा राग यायला हवा होता तेवढा आला नाही. राग दुसरीकडे लागला होता. मुलगी घरून कपडे आणायला गेली, आणि खोलीत ती दोघंच उरली. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी त्याला येऊ दे, येऊ दे म्हणत होतं.

"तू ऐकलं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"सर्जन काय म्हणाले ते सगळं."

"सगळं."

"आणि मी इतके दिवस विचारतोय. पाठीत काय आहे, आत काही राहिलंय का. तुझ्यासमोर बसून. तू म्हणायचीस, मला काय विचारता."

"तुम्ही म्हणालात ना त्यांना, नोंद घेतली," ती म्हणाली. "मला वाटलं, घेतली. तुम्ही नोंद घेतली म्हणता तेव्हा ती घेतलेली असते, इतकी वर्षं मी बघत आलेय. मला वाटलं, यांना बोलायचं नाही त्याबद्दल. घाबरले असतील, किंवा मला घाबरवायचं नसेल. मीही विषय काढला नाही."

"पण मी विचारलं तेव्हा?"

"तुम्ही कधी विचारलंत?" तिचा आवाज तसाच होता, कापड मोजताना असतो तसा. "तुम्ही तपासत होता. दूध किती आलं, मुलगी केव्हा आली, माझ्या माहेरून कुणाचा फोन होता, हे सगळं तुम्हाला माहीत असतं आणि मग तुम्ही विचारता. हेही मला तसंच वाटलं. म्हटलं, बघतायत, ही काय लपवते ते. सगळं माहीत असून. म्हणून म्हटलं, तुम्हालाच माहीत. खरंच तसं वाटत होतं मला. रागही यायचा. आजारी माणूस, आणि अजून माझी परीक्षा घेतोय."

तो सलाइनच्या नळीतले थेंब बघत राहिला. ती खोटं बोलतेय का, हे पाहायचं म्हणून त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही; बघितलं असतं तर तिला ते कळलं असतं. तिला नेहमीच कळत होतं, हे त्याला आत्ता उमगत होतं. आपण तिच्यावर नजर ठेवून आहोत असं समजत होतो, आणि ती आपल्या नजरेवर नजर ठेवून होती. इतक्या वर्षांत आपण हिला असा एक तरी प्रश्न विचारला का, की ज्याचं उत्तर आपल्या खिशात नव्हतं? लग्नाच्या आधी एकदा विचारला होता बहुतेक. चहाच्या टपरीपाशी, तुला चालेल ना म्हणून. तेव्हा तरी माहीत नव्हतं का? तेव्हाही तिच्या भावाला विचारून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला हिरवा गाऊन घातला. गाऊन मागून उघडा होता आणि नाड्या बांधायला हात पोचत नव्हता. तिनं त्या बांधल्या. बांधताना सवयीनं बोटांनी खांद्यावरची शिवण चाचपून पाहिली आणि कसली भिकार शिलाई म्हणून पुटपुटली. मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. आता कुणीही येईल आणि त्याला घेऊन जाईल. जे विचारायचं होतं ते जिभेवर येईना. त्याला अशा प्रश्नाचा सूरच ठाऊक नव्हता, तो वरून टाकायचा की खालून द्यायचा.

"तुला भीती वाटतेय का?" तो म्हणाला.

तिनं हात मागे घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. रस्त्यावरच्या त्या म्हाताऱ्या बायका बघायच्या तसंच, वजन तपासणाऱ्याकडे बघतात तसं.

"काय उत्तर हवंय?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही उत्तर," तो म्हणाला. "म्हणून विचारतोय."

बाहेर एक गाडी ढकलत नेल्याचा आवाज आला आणि पुढे निघून गेला. मग तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, ते एका पायानं लंगडत होतं, आणि त्याच्या गुडघ्यांसमोर बसली.

"वाटतेय," ती म्हणाली. "आज नाही, केव्हाची वाटतेय. तुमचे शर्ट मी दोनदा आत घेतले. आधी बाजूनं, मग खांदेही उतरवले. ऑफिसात लोकांनी बघू नये म्हणून, आणि तुम्हीही. रात्री टेप लावायचे शर्टाला आणि मग बसून राहायचे. तुमच्या लक्षात येईल असं मला रोज वाटायचं. येईल आणि विचाराल, आणि मग मला सांगता येईल. तुमच्या लक्षातच आलं नाही. मला कळेना, की हे सगळं बघणारं माणूस स्वतःचा शर्ट कसा बघत नाही. मग मला वाटायला लागलं..."

दार ढकलून नर्स आत आली, मागे ट्रॉली घेऊन दोघं. "चला काका, वर बोलावलंय," नर्स म्हणाली, आणि सलाइनची बाटली काढायला तिनं हात वर केला. बायको बोलता बोलता थांबली, स्टुलावरून उठू लागली.

त्यानं तिचं मनगट धरलं.

"जरा थांबा," तो नर्सला म्हणाला. "ती सांगतेय."